न विकलेल्या प्रती कुणाच्या?

स्वयंप्रकाशनाचा विषय निघाला की चर्चा लगेच दर्जावर घसरते. ‘आता कुणीही काहीही छापतं’ असं एक जण म्हणतो, ‘प्रकाशकाच्या उत्तराची किती वर्षं वाट बघायची’ असं दुसरा. या वादातून पुस्तकाच्या व्यवहाराबद्दल काहीच हाती लागत नाही. मला दोन प्रश्न जास्त उपयोगी वाटतात. न विकलेल्या प्रती कुणाच्या डोक्यावर? आणि प्रती विकून संपल्यावर हक्क कुणाकडे? लेखक किती पैसे घालतो यापेक्षा या दोन उत्तरांवरून ठरतं की तो खरा प्रकाशक आहे की नुसता गिऱ्हाईक.

मुद्रणाच्या पहिल्या दोन-अडीचशे वर्षांत इंग्लंडमध्ये लेखकाला कायद्याने फारसं स्थान नव्हतं. लंडनच्या स्टेशनर्स कंपनीला, म्हणजे मुद्रक-ग्रंथविक्रेत्यांच्या संघटनेला, १५५७ मध्ये राजसनद मिळाली. ग्रंथाची ‘कॉपी’, म्हणजे तो छापायचा हक्क, या संघटनेच्या नोंदवहीत मुद्रक किंवा ग्रंथविक्रेता आपल्या नावावर चढवायचा. लेखक हस्तलिखित एकदाच विकून मोकळा व्हायचा. जॉन मिल्टनचा ‘पॅरडाइज लॉस्ट’साठीचा २७ एप्रिल १६६७ चा करार म्हणूनच महत्त्वाचा. मुद्रक सॅम्युएल सिमन्सने सहीच्या वेळी ५ पौंड दिले आणि पहिल्या आवृत्तीच्या १३०० प्रती खपल्या की आणखी ५ पौंड द्यायचं कबूल केलं. रक्कम क्षुल्लक आहे, पण लेखकाचा मोबदला किती प्रती खपल्या याला बांधलेला आहे. प्रती मोजायच्या म्हटल्यावर हिशेब दाखवणंही आलं.

१७१० चा ‘स्टॅट्यूट ऑफ ॲन’ हा कायदा लेखकाला हक्काचा पहिला धनी मानतो. नव्या पुस्तकाला १४ वर्षं, आणि तेव्हा लेखक हयात असेल तर आणखी १४. ही दुसरी १४ वर्षं लेखकाकडे परत यावीत असा हेतू होता. हक्क एकदा विकला तरी एका मुदतीनंतर तो परत मिळू शकतो, ही कल्पना आजच्या करारातही तितकीच कामाची आहे. तिच्याकडे शेवटी येतोच.

अलेक्झांडर पोपने जोखीम वाचकांवर टाकली. त्याच्या ‘इलियड’च्या भाषांतराचे सहा खंड १७१५ ते १७२० या काळात निघाले. दर खंडाला एक गिनी वर्गणी होती आणि वर्गणीदारांची यादी पुस्तकात छापली. आज प्रकाशनपूर्व नोंदणी म्हणून जे चालतं ते हेच. त्यात छपाईआधी पैसा हातात येतो, पण तो वाचकाचा आगाऊ पैसा असतो. तो संपादनात आणि मुखपृष्ठात संपला आणि कागद घ्यायला उरला नाही, तर पुस्तक अडकतं. म्हणून नोंदणीच्या रकमेतून छपाई आणि टपाल हे दोन खर्च आधी बाजूला काढावेत, बाकी कामं स्वतःच्या पैशातून करावीत. मजकूर पूर्ण होण्याआधी नोंदणी उघडू नये, हे तर त्याहून आधी.

जेन ऑस्टेनचा हिशेब मात्र मी प्रत्येक लेखकाला वाचायला सांगेन. स्वयंप्रकाशनाचे सगळे फायदे-तोटे त्या एका बाईच्या चार पुस्तकांत दिसतात.

‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ १८११ मध्ये थॉमस एगर्टनमार्फत निघालं ते ‘कमिशनवर’. म्हणजे छपाई, कागद, जाहिरात यांचा सगळा खर्च लेखिकेच्या खात्यावर, प्रकाशकाला विक्रीवर कमिशन, उरेल ते लेखिकेचं. तोटा आला तर तोही तिचाच. हक्क तिच्याकडे. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर ‘लेखिकेसाठी मुद्रित’ असं स्पष्ट छापलं होतं. तोटा होणार असं धरूनच तिने आपल्या तुटपुंज्या उत्पन्नातून थोडी रक्कम बाजूला ठेवली होती. १८१३ च्या मध्यापर्यंत आवृत्ती संपली आणि तिला १४० पौंड सुटले.

हा निकाल हाती येण्याआधीच पुढच्या पुस्तकाला मात्र तिने सुरक्षित रस्ता धरला होता. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चा हक्क तिने एगर्टनला ११० पौंडांना कायमचा विकला. तिला १५० हवे होते. पुस्तक जानेवारी १८१३ मध्ये आलं, त्याच वर्षी दुसरी आवृत्ती निघाली, आणि त्या आवृत्तीतला एक पेनीही तिच्या वाट्याला आला नाही. सगळ्यात लोकप्रिय ठरलेलं पुस्तकच नेमकं तिच्या हातून गेलं.

१८१५ मध्ये दुसऱ्या प्रकाशकाने, जॉन मरेने, ‘एम्मा’ आणि आधीच्या दोन पुस्तकांचे हक्क मिळून ४५० पौंड देऊ केले. तिने नकार दिला आणि ‘एम्मा’च्या २००० प्रती पुन्हा कमिशनवर काढल्या. सोबत ‘मॅन्सफील्ड पार्क’ची दुसरी आवृत्तीही काढली. ‘एम्मा’ला सुरुवातीला सुमारे २२१ पौंड नफा झाला, पण ‘मॅन्सफील्ड पार्क’च्या दुसऱ्या आवृत्तीत १८२ पौंडांहून जास्त तोटा आला. मरेने एकाचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता केला आणि तिच्या हाती पडले ३८ पौंड १८ शिलिंग. यात फसवणूक काही नाही, खातं एकच होतं. पण दोन पुस्तकांचे हिशेब एका खात्यात घातले की यशस्वी पुस्तक अयशस्वी पुस्तकाचा खर्च फेडत बसतं. आजही एकाच संस्थेशी दोन-तीन पुस्तकांचे करार करताना ‘प्रत्येक पुस्तकाचा हिशेब स्वतंत्र राहील’ हे वाक्य लिहून घ्यावं लागतं. त्या वाक्याची किंमत काय असते, हे ऑस्टेनच्या धनादेशात दिसतं.

तोटा प्रत्येक वेळी खप नसल्यामुळेच होतो असंही नाही. चार्ल्स डिकन्सने १८४३ मध्ये ‘अ ख्रिसमस कॅरोल’ स्वतःच्या खर्चाने काढलं. ६००० प्रती नाताळपर्यंत संपल्या. त्याला हजार पौंडांची अपेक्षा होती, त्या ६००० प्रतींवर मिळाले सुमारे २३०. रंगीत चित्रं, सोनेरी कडा, देखणी बांधणी, आणि किंमत फक्त ५ शिलिंग. हाताने रंगवलेली चित्रं आणि बांधणी हे प्रतीगणिक वाढणारे खर्च होते. खप वाढला तसे तेही वाढले. दुसरीकडे हेन्री डेव्हिड थोरोच्या पहिल्या पुस्तकाच्या १८४९ मध्ये १००० प्रती छापल्या आणि १८५३ मध्ये त्यातल्या ७०६ त्याच्या घरी परत आल्या. छपाईचे पैसे त्यानेच फेडले होते, त्यामुळे पडून राहिलेल्या प्रतींचा मालकही तोच.

स्वतःच्या हाताने काम करणारे लेखक वेगळ्या वाटेने गेले. विल्यम ब्लेकने ‘साँग्ज ऑफ इनोसन्स’ची (१७८९) तांब्याची पानं स्वतः कोरली. आम्लाला दाद न देणाऱ्या द्रवाने तो अक्षरं उलटी लिहायचा, आम्ल बाकीचा पत्रा खायचं, उंच राहिलेल्या भागावर शाई लागायची. रंग भरायला पत्नी कॅथरीन असे. मागणी येईल तशा थोड्या प्रती काढायच्या, त्यामुळे साठा साचायचा प्रश्नच नव्हता. वॉल्ट व्हिटमनने १८५५ मध्ये ब्रुकलिनच्या एका छोट्या छापखान्यात ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’च्या ७९५ प्रती काढल्या आणि काही पानांची खिळेजुळणी स्वतः केली. लिओनर्ड आणि व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९१७ मध्ये घरात हातछपाईचं यंत्र आणून हॉगर्थ प्रेस सुरू केला. सुरुवात दोन कथांच्या पुस्तिकेपासून झाली, दीडशेच्या आसपास प्रती. बिअट्रिक्स पॉटरने ‘पीटर रॅबिट’च्या डिसेंबर १९०१ मध्ये २५० प्रती छापून घेतल्या, त्या लगेच संपल्या म्हणून आणखी २०० काढल्या, आणि १९०२ च्या ऑक्टोबरमध्ये फ्रेडरिक वॉर्नने ते पुस्तक बाजारात आणलं. पहिली आवृत्ती लहान ठेवून वाचक आहे का ते पाहायचं, मग मोठा व्यवहार करायचा, हा पॉटरचा क्रम मला अजूनही सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

मार्क ट्वेन तर इतरांचाही प्रकाशक झाला. त्याच्या संस्थेने १८८५ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांच्या आठवणी काढल्या, निव्वळ नफ्यातले ७० टक्के ग्रँटच्या कुटुंबाला देऊ केले आणि पुढच्या फेब्रुवारीत २ लाख डॉलरचा धनादेश दिला. तीच संस्था १८९४ मध्ये बुडाली. तिथलं एक कारण नीट समजून घेण्याजोगं आहे. अमेरिकन साहित्याचा अनेक खंडांचा मोठा संच ती हप्त्यांवर विकत होती. बांधणीचा खर्च आणि विक्रेत्याचं कमिशन आधी द्यावं लागे, गिऱ्हाइकाचे पैसे हळूहळू येत. जितके संच विकले जात तितकी रोकड आटत गेली. नफा वहीत होता, तिजोरीत नव्हता.

विसाव्या शतकात दोन गोष्टी बदलल्या. गेस्टेटनरच्या १८८१ च्या स्टेन्सिल-यंत्रापासून सुरू झालेल्या सायक्लोस्टाईलने शंभर-दोनशे प्रती काढणं छापखान्याशिवाय शक्य केलं. सोव्हिएत संघात तर तेही सेन्सॉरच्या नजरेत येई, म्हणून टाइपरायटर, पातळ कागद आणि कार्बन यांवर ‘समिझदात’ चाललं. एका बैठकीत मोजक्याच प्रती, शेवटची जेमतेम वाचता येणारी. वाचणारा ती पुन्हा टाइप करून पुढे देई. १९६८ ते १९८३ इतका काळ ‘क्रॉनिकल ऑफ करंट इव्हेंट्स’ हे वार्तापत्र असंच फिरलं. त्या पद्धतीत लेखकाचा मजकुरावरचा ताबा जातो, प्रत्येक नकलेत चुका वाढतात. तरी लोकांनी जिवावर उदार होऊन ते केलं, आणि स्वयंप्रकाशन म्हणजे केवळ हौस असं म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

दुसरा बदल यंत्रांचा. १९८५ मध्ये पोस्टस्क्रिप्ट या संगणकभाषेवर चालणारा लेझररायटर हा प्रिंटर आणि पेजमेकर ही पानं मांडायची प्रणाली एकत्र आले आणि पानाची मांडणी घरच्या टेबलावर आली. १९९७ मध्ये लायटनिंग प्रिंट सुरू झाली, मागणी आली की एक प्रत छापायची. नोव्हेंबर २००७ मध्ये ॲमेझॉनचं ई-पुस्तक वाचायचं यंत्र, किंडल, आलं. थोरोच्या ७०६ प्रतींचा प्रश्न यांनी तांत्रिकदृष्ट्या सोडवला. पैशाचा प्रश्न मात्र तसा सुटलेला नाही, आणि तो आकड्यांतच पाहायला हवा.

समजा पुस्तकाची छापील किंमत १०० आहे. चलन कुठलंही धरा. वितरक आणि दुकान मिळून ५० घेतात, पाठवणीला ५ जातात, तुमच्या हाती ४५. संपादन, मुद्रितशोधन, मांडणी, मुखपृष्ठ यांचा एकदाच होणारा खर्च ८०००. ऑफसेटवर, म्हणजे एकगठ्ठा छपाईत, ५०० प्रती, प्रत्येकी २२. इथे बहुतेक जण ४५ वजा २२ म्हणजे २३ सुटतात असं धरून ८००० ला २३ ने भागतात आणि ३४८ प्रतींवर खर्च निघेल असं मानतात. हे चूक आहे. छपाईचे पैसे विकलेल्या प्रतींचे नाही, छापलेल्या सगळ्या प्रतींचे द्यायचे असतात. ८००० अधिक ११०००, म्हणजे १९०००, भागिले ४५: ४२३ प्रती. त्यात अभिप्रायासाठी आणि भेट म्हणून ४० गेल्या तर विकायला ४६० उरतात. म्हणजे सगळी आवृत्ती जवळजवळ संपली तरच घातलेले पैसे परत येतात.

मग मुद्रक सांगतो की १००० छापा, प्रत १६ ला पडेल. हिशेब असा होतो: ८००० अधिक १६०००, भागिले ४५, म्हणजे ५३४ प्रती. प्रत स्वस्त झाली आणि खर्च निघायचा आकडा १११ ने वाढला. मागणीनुसार छपाईत प्रत ३५ ला पडते असं धरा. दुकानातून विकली तर (इथे पाठवणीचे वेगळे ५ लागत नाहीत असं धरून) १५ सुटतात आणि पुन्हा ५३४ च येतात, पण पडून राहणारी एकही प्रत नसते. तीच प्रत थेट वाचकाला विकली तर टपाल वजा जाता ६० सुटतात आणि १३४ प्रतींवर खर्च निघतो. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या पुस्तकाला थेट विक्री आणि छोटी आवृत्ती, दुकानांची मागणी दिसू लागली की ऑफसेट. गोदामात प्रती रचून मग वाचक शोधायला निघू नये.

आता फायलींकडे. ऑफसेटला पानं सोळाच्या फॉर्ममध्ये, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापायच्या गटात, बसवावी लागतात. मजकूर २०३ पानांवर संपला तर २०८ पानांचे १३ फॉर्म होतात आणि ५ पानं कोरी जातात. मांडणीतच थोडं आवळून २०० वर आणलं तर साडेबारा फॉर्ममध्ये काम होतं. कागदाच्या धाग्याची दिशा पुस्तकाच्या कण्याला, म्हणजे बांधणीच्या कडेला, समांतर हवी. आडवी गेली तर पुस्तक उघडं राहत नाही आणि दमट हवेत पानं लहरतात. गुळगुळीत लेपाचा कागद साध्या गरम गोंदाने नीट धरत नाही, पानं सुटतात, तिथे शिवण किंवा पीयूआर (पॉलियुरेथेनचा) गोंद मागावा.

कण्याची जाडी अंदाजाने ठरवू नका. किंडलच्या कागदी पुस्तकं छापणाऱ्या सेवेत क्रीम कागदाला दर पानाला ०.००२५ इंच धरतात, म्हणजे २०० पानांचा कणा अर्धा इंच. पुस्तक ५.५ बाय ८.५ इंचांचं असेल तर मुखपृष्ठाची पूर्ण रुंदी दोन बाजू ११, कणा ०.५, दोन्हीकडचं ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) मिळून ०.२५, एकूण ११.७५ इंच, आणि उंची ८.७५. ऐनवेळी प्रस्तावना वाढली की कणा वाढतो आणि आधी केलेलं मुखपृष्ठ बाद होतं. म्हणून मुखपृष्ठाची अंतिम फाइल शेवटच्या प्रूफनंतरच. चित्रं ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), मजकूर निव्वळ काळ्या शाईत. चार रंगांतून बनवलेल्या काळ्यात बारीक अक्षरांच्या कडा फुटतात.

देवनागरीत यावर आणखी काम असतं. मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये असेल तर तो कागदावर छापता येतो, पण ई-पुस्तकात निरुपयोगी, शोधताही येत नाही. रूपांतर केलं की ऱ्हस्व वेलांटी, रफार, ‘ऱ्या’, ‘ॲ’ आणि तीन व्यंजनांची जोडाक्षरं हमखास बिघडतात, कारण जुन्या फाँटमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात आणि युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. त्यामुळे आधी दोनदा तपासलेला मजकूरही रूपांतरानंतर पहिल्या अक्षरापासून पुन्हा वाचावा लागतो. इनडिझाइन या मांडणीच्या प्रणालीत भारतीय लिप्यांसाठीची ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ ही सोय सुरू नसेल तर जोडाक्षरं सुटी पडतात. मात्रा वर आणि उकार खाली जातात म्हणून ओळींतलं अंतर रोमन लिपीपेक्षा जास्त लागतं. १२ पॉइंट अक्षराला १८ पॉइंटची ओळ चांगली वाचली जाते. ई-पुस्तकात फाँट घालायचा तर त्याचा परवाना ते करू देतो का हे आधी पाहावं, छपाईचा परवाना पुरत नाही.

प्रूफमधली नेहमीची चूक दुसऱ्या वाचनात होते. दुरुस्ती झाली एवढंच बघतात, त्या दुरुस्तीने पुढची ओळ किंवा पान सरकलं का हे कुणी बघत नाही. परिच्छेदाची शेवटची एकच ओळ नव्या पानावर जाते, अनुक्रमणिकेतले आकडे खोटे ठरतात. म्हणून पानांचे आकडे सगळ्यात शेवटी भरावेत, आणि छापील नमुना हातात घेतल्याशिवाय आवृत्तीला मंजुरी देऊ नये.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, २००७ पासून १३ अंकी आहे. कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळा क्रमांक लागतो. नुसत्या पुनर्मुद्रणाला नवा लागत नाही, मजकूर मोठ्या प्रमाणात बदलला तर लागतो. सेवा देणाऱ्याने फुकट दिलेला क्रमांक त्याच्या नावावर असतो, तुम्ही दुसरीकडे गेलात की तो सोबत येत नाही.

पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्या संस्थांबद्दल माझी कसोटी साधी आहे. पैसे लेखकाचे असतील तर प्रती, खुल्या फायली, आयएसबीएन आणि सगळे हक्क लेखकाचेच हवेत. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्तने १९१३ मध्ये आपल्या मोठ्या कादंबरीचा पहिला, ‘स्वान’चा खंड ग्रासे या प्रकाशकाकडून स्वतःच्या खर्चाने काढला, त्यामुळे खर्च करण्यात कमीपणा नाही. पण पैसे तुमचे, हक्क त्यांचे, आणि छापलेल्या प्रतींचा आकडा कुणीच सांगत नाही, असा करार सही न करता परत द्यावा. मुद्रकाचं बिल मूळ स्वरूपात मागा. किती छापल्या याचा तोच पुरावा. ऑडिओ, भाषांतर आणि चित्रपटाचे हक्क ‘इतर सर्व’ या दोन शब्दांत गेलेले असतात, ते एकेक करून वगळून घ्या. ई-पुस्तक केवळ एकाच ठिकाणी विकायची अट असेल तर ती किती दिवसांची आणि आपोआप वाढते का ते पाहा. किंडलच्या सिलेक्ट योजनेत ती ९० दिवसांची असते आणि आपण थांबवली नाही तर पुढे चालू राहते.

हक्क परत येण्याचं कलम सगळ्यात नीट वाचा. जुन्या करारांत ‘पुस्तक अनुपलब्ध झाल्यास हक्क लेखकाकडे परत’ असं असायचं आणि ते पुरत होतं, कारण साठा संपला हे दिसायचं. मागणीनुसार छपाई आणि ई-पुस्तक आल्यापासून पुस्तक कधीच अनुपलब्ध होत नाही. वर्षाला दोन प्रती खपल्या तरी कागदोपत्री ते चालू असतं आणि हक्क अडकून राहतो. म्हणून कलमात ‘अनुपलब्ध’ हा शब्द ठेवू नका, आकडा घाला: सलग दोन हिशेबी वर्षांत ठरावीक प्रतींपेक्षा कमी विक्री झाली, किंवा हिशेब वेळेवर आला नाही, तर लेखकाने लेखी कळवल्यापासून ९० दिवसांत हक्क आणि फायली दोन्ही परत.